सावकाश सरांचा पेपर

स्टाफरूममध्ये माझ्या आणि सावकाश सरांच्या टेबलांना मिळून एकच खिडकी आहे, आणि ती उघडत नाही. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात सुताराला बोलवा म्हणून धोशा लावला होता. तेव्हा शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "होईल मॅडम, सावकाश होईल." त्याला आता कैक वर्षं झाली. खिडकी तशीच आहे.

हे त्यांचं पालुपद. पगार उशिरा झाला, सावकाश होईल. लिफ्ट बंद पडली, सावकाश होईल. लग्नाचं सावकाश बघू म्हणता म्हणता तेही राहून गेलं. मुलांनी ठेवलेलं हे नाव पुढे स्टाफनेही उचललं. एकदा तर वेळापत्रकावर चक्क 'सावकाश सर' असं छापून आलं. सरांनी ते वाचलं, हसले आणि खाली सही करून वर्गावर गेले.

मला अशा माणसांचा राग येतो. कोणाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या की सरांच्या टेबलावर. प्रॅक्टिकलच्या दिवशी कोणाला लवकर घरी जायचं असलं की सर आहेतच. मी एकदा तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही माणूस आहात की पायपुसणं?" तर चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत म्हणाले, "पायपुसणं नसलं तर घरभर चिखल होतो, मॅडम." मी कपाळावर हात मारून घेतला.

एवढं करून हा माणूस आमच्या संगणक विभागात कंत्राटीच. परीक्षा संपल्या की त्यांची नोकरी संपायची आणि नवं वर्ष सुरू झालं की नव्याने लागायची. मधल्या महिन्यांत ते कोणाकोणाच्या दुकानांचे हिशेब कॉम्प्युटरवर चढवून द्यायचे. त्यांच्यानंतर आलेले पर्मनंट झाले, मी झाले, आणि सर दर वर्षी नवं ओळखपत्र काढायला फोटो घेऊन रांगेत उभे. पंचेचाळिशी उलटली की पर्मनंट करता येत नाही असा आमच्याकडे नियम आहे. सरांची पंचेचाळिशी परवाच्या उन्हाळ्यात भरणार होती. शेवटच्या वर्षी एक जागा निघाली. अट एकच: एआयच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये एक तरी संशोधनाचा पेपर स्वीकारला गेलेला हवा. मॅनेजमेंटला तेव्हा एआयचं नवं वेड लागलं होतं.

आता गंमत अशी, की या वेळी सरांकडे पेपर होता. कोणाला दाखवण्यासाठी केलेला नव्हता, घरच्या गरजेतून झाला होता.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने स्वतःचं शिक्षण सोडून बस डेपोत अनाउन्सरची नोकरी धरली आणि धाकट्याला शिकवलं. सर शाळा सुटली की तिच्या केबिनमध्ये कोपऱ्यात बसून गृहपाठ करायचे. तिचा आवाज असा स्वच्छ, की बस सुटत असतानाही माणूस क्षणभर थबकून ऐकायचा, असं सर सांगतात. भाऊ सांगतोय म्हणून मी त्यातलं थोडं वजा करते. पण डेपोतले लोक अजून ताईची आठवण काढतात, हे मात्र मी स्वतः ऐकलंय.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच ताईला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हात बऱ्यापैकी सावरला, जीभ नाही सावरली. डोकं लख्ख, पण बोलणं असं चिखलात रुतल्यासारखं, की एका सरांशिवाय कोणाला काही कळेना. तरी ती एकदा हट्टाने एकटीच औषधाच्या दुकानात गेली. तीन वेळा औषधाचं नाव सांगितलं. दुकानदाराला वाटलं बाई पिऊन आली आहे. "घरचं कोणीतरी पाठवा," असं मोठ्याने म्हणून तो मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ताई रिकाम्या हाताने घरी आली, पिशवी खुंटीला लावली, आणि त्यानंतर भावाखेरीज कोणाशी बोलेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "मॅडम, तुमचं गणित लागेल मला. लगेच." सावकाश सरांच्या तोंडून 'लगेच' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बोललेलं ऐकून लिहून दाखवणारी मशिनं बाजारात पुष्कळ आहेत. पण ती सगळी धडधाकट जिभांवर शिकलेली. ताई बोलली की ती भलतंच काहीतरी लिहायची, आणि तेही अगदी छातीठोकपणे. सरांची कल्पना सांगायला सोपी होती. मशीनने ताईला सुधारायला जाऊ नये, आधी तिची मोडतोड शिकून घ्यावी. कुठला आवाज तिच्या तोंडात कशात बदलतो, श्वास कुठे तुटतो, शब्दाचं शेपूट कुठे गिळलं जातं. ही मोडतोड रोज नवी नसते, तिची एक ठरलेली चाल असते. ती चाल एकदा सापडली की थोड्याशा रेकॉर्डिंगवर आणि जुन्या कॉम्प्युटरवरही काम भागतं. सांगायला सोपी म्हटलं खरं, पण करताना आमच्या दोघांच्या तोंडाला फेस आला. माझा वाटा समीकरणं तपासण्यापुरता. लेखक म्हणून माझं नाव घालतो म्हणाले, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. जे मी केलं नाही त्यावर माझं नाव कशाला?

रेकॉर्डिंग त्यांच्या स्वयंपाकघरात चालायचं. टेबलावर जाड टॉवेलाची घडी, त्यावर माईक, म्हणजे आवाज घुमत नाही. फ्रिजची घरघर येऊ नये म्हणून तेवढा वेळ फ्रिज बंद. एकदा तो चालू करायचाच राहिला आणि सगळं दूध नासलं. ताई समोर बसायची, डेपोत बसायची तशी ताठ. ती एकेक वाक्य म्हणायची आणि मशीनला जे कळलं ते पडद्यावर उमटायचं. खाली दोन बटणं, बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. ते दाबायचं काम सरांचं. पहिले कित्येक महिने नुसतं लाल. लाल दाबलं की ताई भुवई उंचावून मशीनकडे अशी बघायची, की मी मशीन असते तर राजीनामा दिला असता. मग हळूहळू हिरवं होऊ लागलं. वाक्यातला एखादा शब्द हटकून चुकायचा, पण अर्थ लागायचा. सरांनी ताईसारखे आणखी काही आजारी लोक हॉस्पिटलमधून शोधून काढले. त्यांच्यावरही हीच युक्ती लागू पडली. पेपर तयार झाला.

इथे आमच्या विभागाची रीत आडवी आली. विभागातून कुठलाही पेपर बाहेर जायचा तर लेखकांच्या यादीत शेवटी विभागप्रमुखांचं, म्हणजे एचओडींचं, नाव असतंच. का, हे कोणी विचारत नाही. आमच्या एचओडींची आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यात हयात गेली. केबिनच्या दारावर त्यांच्या सहीची नोटीस आहे, की असाइनमेंट मशीनकडून लिहून घेतल्याचं आढळल्यास शून्य गुण दिले जातील. ही नोटीस लक्षात ठेवा.

सरांनी एचओडींचं नाव मुकाट्याने घातलं. त्यांनी पेपर चाळून "छान, छान," म्हटलं आणि पहिल्या पानावर स्वल्पविरामावर बोट ठेवलं. झालं त्यांचं संशोधन.

पण या कॉन्फरन्सचा एक नियम होता. पेपर इतके येतात की वाचायला माणसं पुरत नाहीत. म्हणून जो पेपर पाठवतो त्याच्या लेखकांपैकी एकाने दुसऱ्यांचे चार पेपर वाचून त्यावर मत द्यायचं. त्याने त्यात कसूर केली तर त्याचा स्वतःचा पेपर न वाचता परत. सरांनी फॉर्ममध्ये अर्थातच स्वतःचं नाव लिहिलं होतं. एचओडींना ते कळलं आणि त्यांना ते काम स्वतःला पाहिजे झालं; सरांच्या जागी त्यांनी आपलं नाव घालायला लावलं. एवढ्या मोठ्या कॉन्फरन्सचा रिव्ह्यूअर, म्हणजे परीक्षक! दोनच दिवसांत कॉलेजच्या वेबसाइटवर त्यांच्या नावापुढे ते लागलंसुद्धा.

सर घाबरले असावेत, कारण ते आपणहून केबिनमध्ये गेले. मी कसली तरी सही घ्यायला तिथेच उभी होते.

"सर, तुम्हाला कामं फार असतात," सावकाश सर म्हणाले. "त्या चार पेपरांचं मी वाचून, लिहून देतो. तुम्ही फक्त नजर घाला."

एचओडी खुर्चीत मागे रेलले. "अहो, काय बोलताय? ते पेपर गोपनीय असतात. माझ्या नावावर आलेले पेपर मी दुसऱ्याला दाखवू? नियमात बसत नाही ते."

"नाही सर, मी आपलं..."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," एचओडी म्हणाले.

पेपर पाठवायची शेवटची तारीख असते ती पृथ्वीवर जिथे दिवस सगळ्यात शेवटी संपतो तिथली धरतात. म्हणजे आमच्याकडे दुसऱ्या दिवसाचे तास सुरू झालेले असतात. सरांनी दोन वर्गांच्या मधल्या सुट्टीत, हाताला खडू तसाच असताना, पेपर पाठवला. नियमाप्रमाणे आत कोणाचंच नाव नव्हतं. परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून नावं वेगळ्या फॉर्मवर, संयोजकांपुरती. आभारही लिहायचे नव्हते. त्यामुळे आख्ख्या पेपरात ताई होती ती 'वक्ता क्रमांक एक' म्हणून. संध्याकाळी घरी पडद्यावर उमटलं, "माझं नाव कुठे आहे?" सर म्हणाले, "पेपर घेतला की मग घालायचं, ताई. आभारात पहिलं तुझंच." ताईने मान हलवली. बिननावाच्या ताईच्या आवाजावर उभा राहिलेला पेपर, आणि फॉर्मवर एचओडींचं नाव दिमाखात. माझा तिळपापड झाला. सर म्हणाले, "होईल मॅडम, सावकाश होईल."

मेल आला तो एका सकाळी, मी वर्गावरून परतले तेव्हा. सर कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पुन्हा पुन्हा तोच मेल वरपासून खालपर्यंत सरकवत होते.

"बघा हो जरा, मॅडम. मी नीट वाचतोय ना?"

मी वाचला. संयोजकांना संशय होता, की काही परीक्षक पेपर स्वतः न वाचता मशीनला खाऊ घालतात आणि त्याच्याकडून मत लिहून घेतात. म्हणून त्यांनी परीक्षकांना पाठवलेल्या प्रत्येक पेपरात पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ पेरली होती: मत लिहिताना 'शांत तळ्यासारखी मांडणी' हे शब्द वापरावेत. माणसाच्या डोळ्याला ती ओळ दिसत नाही. मशीनला दिसते, आणि ते बिचारं हुकुमाचं ताबेदार. आमच्या एचओडींनी चार पेपर वाचून दिलेल्या चारही मतांमध्ये लेखकांच्या शांत तळ्यासारख्या मांडणीचं मनापासून कौतुक होतं. सबब नियमानुसार त्यांचं नाव असलेला आमचा पेपर न वाचता परत करण्यात येत आहे.

मी सरांना अक्षरशः हाताला धरून केबिनमध्ये नेलं. एचओडींनाही मेल गेला होता. त्यांनी तो पाहिला होता, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

"मी फक्त भाषा जरा सफाईदार करून घेतली," ते म्हणाले. "मतं माझीच होती."

"चारही पेपर तुम्हाला तळ्यासारखे वाटले?" मी विचारलं.

"मॅडम, हा तुमचा विषय नाही. आजकाल सगळेच करतात. यांनी असे सापळे लावणंच मुळात अनैतिक आहे." मग ते सरांकडे वळले आणि आवाजात साखर घोळून म्हणाले, "काम चांगलं आहे हो तुमचं. वाया थोडंच जातंय? पुढच्या वर्षी टाकू."

पुढच्या वर्षी. ज्या माणसाला पुढचं वर्षच नाही त्याला. मला वाटलं, आता तरी हा माणूस टेबलावर मूठ आपटेल. सर म्हणाले, "बरं सर." आणि बाहेर पडताना दार हळू लावून घेतलं. दारावरची नोटीस हलली आणि पुन्हा सरळ झाली.

मी सोडणार नव्हते. स्टाफरूममध्ये त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले. "संयोजकांना लिहा. खरं ते लिहा. या गृहस्थाने पेपरात काडीचं काम केलेलं नाही, नाव रीत म्हणून घातलंय, त्याच्या पापाची शिक्षा मला का, असं विचारा."

सर लिहायला बसले. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. मग त्यांनी पेपर पाठवतानाचा फॉर्म उघडून मला दाखवला. त्यावर एक वाक्य होतं, आणि पुढे सरांची खूण: 'वर नावं दिलेल्या प्रत्येक लेखकाने या कामात प्रत्यक्ष भाग घेतला आहे.'

"त्यांनी काही केलं नाही असं लिहिलं, तर मी इथे खोटं लिहिलं असं होतं," सर म्हणाले. "मग पेपर त्याच कारणाने परत. आणि पुढे माझ्यावर बंदी. त्यांनी काम केलं असं म्हटलं, तर त्यांची चूक ती माझी चूक."

विभागात त्या फॉर्मवर अशी खूण न केलेला एकही माणूस नाही. इतकी वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही आणि घोड्याने पेंड खाल्ली ती नेमकी इथे. शेवटी सरांनी नुसती विनंती केली, की निदान पेपर वाचून तरी बघावा. उत्तर फार सभ्य होतं. आपल्या भावना आम्ही समजू शकतो, नियम सर्वांना सारखा आहे.

निवड समितीसमोर सर आत गेले आणि लगेच बाहेर आले. अट पूर्ण होत नव्हती, विचारायला काही नव्हतंच. जागा बाहेरच्या एका उमेदवाराला मिळाली. त्याचा एक पेपर होता. चांगला मुलगा आहे, त्याच्यावर राग काढून काय उपयोग? एचओडींच्या नावापुढचं 'रिव्ह्यूअर' वेबसाइटवर अजून आहे.

त्या संध्याकाळी मी सरांबरोबर त्यांच्या घरी निघाले. त्यांनी बोलावलं नव्हतं. त्यांना एकट्याला जाऊ देणं माझ्या जिवावर आलं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या त्याच दुकानासमोर, ते थांबले.

"मॅडम, एक सांभाळा. पेपर घेतला नाही, नोकरी मिळाली नाही, हे मी सांगणार आहे. पण न वाचताच परत पाठवला, असं घरात म्हणू नका."

"का म्हणून? उलट तेच सांगायला हवं. तुमची काय चूक आहे त्यात?"

त्यांनी दुकानाकडे पाहिलं. "इथून ती ऐकून न घेता परत आली होती. नंतर इतके महिने बसून बोलली, ते कोणीतरी ऐकेल म्हणून. तेही कोणी उघडून बघितलं नाही, हे मी तिला कसं सांगू?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. पण मी हो म्हटलं.

ताई टेबलाशी बसली होती. माईक टॉवेलावर होता. सरांची यायची वेळ झाली म्हणून तिने फ्रिज आधीच बंद करून ठेवला होता. सरांनी चहा टाकला आणि पाठमोरे उभे राहूनच सगळं सांगितलं. पेपर घेतला नाही. जागाही गेली. ताईने ऐकून घेतलं. मग माईककडे वाकून ती बोलली. मला नेहमीप्रमाणे नुसता ओढलेला, तुटलेला आवाज ऐकू आला. पडद्यावर अक्षरं उमटली.

"त्यांनी नीट वाचला का?"

एक शब्द चुकला नव्हता. सर वळले. त्यांनी वाक्य वाचलं आणि सवयीने हिरवं बटण दाबलं.

"हो, ताई. तिघांनी वाचला. अगदी शेवटपर्यंत."

मी काहीतरी म्हणायला गेले. सरांनी कप माझ्यापुढे सरकवला. "चहा घ्या, मॅडम."

ताई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग पुन्हा माईककडे वाकली. या वेळी तिने डेपोतल्यासारखा एकेक शब्द सुटा करून म्हटला.

"मग तूच कुठेतरी कमी पडला असशील."

काना नाही, मात्रा नाही, कुठेच काही चुकलं नव्हतं. मशीन आता ताईला पूर्ण समजू लागलं होतं. ते वाक्य तिथे तसंच होतं, खाली दोन बटणं वाट बघत होती. सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि हिरवं बटण दाबलं.